भाग कशाला म्हणायचं? ग्राहक व्यवहार विभागाला एका लॅपटॉप दुरुस्तीवाल्याचं खुलं पत्र

नारायण पेठ, पुणे ३०

प्रति,
मा. सचिव आणि दुरुस्तीच्या निर्देशांकाचं काम पाहणारे सर्व अधिकारी,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

पत्र मराठीत आहे. इंग्रजीत करून द्यायला भाची तयार होती. तिनं पहिला परिच्छेद वाचून दाखवला, तर तो मी लिहिलाय असं वाटेना, एखाद्या कंपनीनं मलाच पाठवलेल्या ईमेलसारखा वाटला. तेव्हा राहू दे म्हटलं. तुमच्या खात्यात मराठी येणारं कोणी ना कोणी असेलच. शिवाय हे पत्र इथल्या गिऱ्हाइकांनीही वाचावं असं मला वाटतं, कारण पैसे त्यांच्या खिशातून जातात.

मी लॅपटॉप दुरुस्त करतो. १९९४ साली ४८६ कॉम्प्युटरपासून सुरुवात केली, मग मॉनिटर, मग प्रिंटर, आणि गेली वीसेक वर्षं मुख्यतः लॅपटॉपचे बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड. आमच्या भाषेत चिप लेव्हलचं काम: अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला बारीक भाग शोधून तेवढाच बदलायचा. दुकान म्हणजे वाड्याच्या तळमजल्यावरची एक खोली. एक मायक्रोस्कोप, दोन सोल्डरिंग स्टेशन, एक हॉट एअर, एक बेंच सप्लाय, आणि भिंतीवर पाटी: 'नुसतं बघून सांगण्याचेही २०० रुपये पडतील. बघायलाच वेळ लागतो.' पाटीवरून लोक हसतात, पण ती विनोदासाठी लावलेली नाही. दुरुस्तीतला तीन चतुर्थांश वेळ खरंच बघण्यात जातो, आणि या पत्राचा विषयही शेवटी तिथेच येऊन थांबणार आहे.

मे २०२५ मध्ये तुमच्या समितीनं रिपेअरेबिलिटी इंडेक्सचा अहवाल दिल्याची बातमी वाचली. फ्रीजवर वीजबचतीचे तारे असतात तसे वस्तूवर दुरुस्तीचे गुण असणार. ती उघडायला किती सोपी, स्क्रू कसले, हत्यारं कसली, माहिती मिळते का, सुटे भाग वेळेत मिळतात का, सॉफ्टवेअरचे अपडेट किती काळ येतील, हे सगळं धरून गुण. ते दुकानात दिसतील, ऑनलाइन विक्रीत दिसतील, खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्येही दिसतील. सुरुवात स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. २०२२ च्या जुलैत तुम्ही राइट टू रिपेअरची, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काची समिती नेमलीत, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाला, पोर्टल सुरू केलंत. तेव्हापासून मी याची कात्रणं ठेवतोय. आमच्यासारख्यांच्या कामाला दिल्लीत कोणी काही नाव दिलं, हीच मोठी गोष्ट होती. त्या बातमीच्या दिवशी दुकानात चहा दोनदा मागवला.

दुसरा चहा होईपर्यंत एक शंका आली, आणि ती अजून गेलेली नाही. तुमच्या लेखी 'भाग' म्हणजे काय?

शंका नीट कळावी म्हणून एक प्रकरण सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला. मूळचा परभणीकडचा, इथे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कोथरूडला चौघांत एक खोली. लॅपटॉप चौदा महिन्यांचा, वॉरंटी बारा महिन्यांची. आधी तो कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन आला होता. (कंपनीचं नाव सांगत नाही. ज्या कोणत्या कंपनीचं नाव तुमच्या मनात आलं असेल, तिचेही कागद माझ्याकडे आहेत.) हातात छापील अंदाजपत्रक: मदरबोर्ड फॉल्टी, बदलावा लागेल, ३१,५०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ३७,१७०. लॅपटॉप घेतला होता ४८,००० ला, त्यातले तीस हजार वडिलांनी हप्त्यांवर काढलेले. हप्ते चालूच होते.

चार्जर लावला की चार्जरवरचा हिरवा दिवा विझायचा. एवढ्यावरून आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल की १९ व्होल्टची मेन लाइन कुठेतरी शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवतोय. आता कुठे शॉर्ट आहे, ते शोधायचं. बेंच सप्लायवरून, म्हणजे हवी तेवढीच वीज देणाऱ्या यंत्रावरून, त्या लाइनला अगदी कमी, एखादा व्होल्ट द्यायचा, करंटला मर्यादा घालून. बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसायचं. सगळा प्रवाह शॉर्ट झालेल्या जागेतूनच धावतो, ती जागा तापते, आणि तिथलं अल्कोहोल सगळ्यात आधी उडतं. ओल्या फरशीवर एकाच ठिकाणी ऊन पडावं तसं दिसतं. सापडला तो चार्जिंगच्या चिपशेजारचा एक सिरॅमिक कॅपॅसिटर. तिळाहून लहान, राजगिऱ्याच्या दाण्याहून जरासा मोठा. लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचलला की बोर्ड किंचित वाकतो, अशा कॅपॅसिटरला आतून बारीक तडा जातो, पावसाळ्यात त्यात ओल शिरते, आणि एक दिवस आतले थर एकमेकांना चिकटतात. किंमत? इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, पुडीत बांधून मिळतात. एकाचे दोन रुपये म्हटले तरी जास्त होतात.

काढला, नवा बसवला, चार्जर लावला, दिवा टिकला. मी १,५०० घेतले. मुलगा रडला नाही वगैरे, त्यानं लगेच फोनवर वडिलांना 'झालं' एवढंच सांगितलं आणि परीक्षेचा फॉर्म भरायला तिथेच बसला.

आता महत्त्वाचं. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसानं त्याला फसवलं नव्हतं. तसं असतं तर हे पत्र तुम्हाला नसतं लिहिलं, पोलिसांत गेलो असतो. सेंटरमधला मुलगा कामगार आहे. त्याच्या स्क्रीनवर त्या मॉडेलच्या भागांची यादी असते: स्क्रीन, बॅटरी, कीबोर्डसकट वरचं कव्हर, पंखा, मदरबोर्ड. त्या यादीत या कॅपॅसिटरला नावच नाही. ज्याला नाव नाही तो बिघडू शकत नाही, आणि बदलताही येत नाही. त्याच्या हातात मल्टिमीटरही नसतो बरेचदा. चाचणी म्हणजे दुसरा बोर्ड लावून बघायचं. चालला, तर पहिला फॉल्टी. इतकं सोपं. अंदाजपत्रक त्याच यादीतून निघतं.

तुमच्या अहवालात प्राधान्याच्या भागांची यादी आहे: बॅटरी, डिस्प्ले, मागचं कव्हर, कॅमेरे, चार्जिंग पोर्ट, बटणं, माइक, स्पीकर, बिजागरी. चार्जिंग पोर्ट आठवणीनं घेतलात, तुमच्या तोंडात साखर पडो. फोनसाठी यादी चांगली आहे. पण उद्या लॅपटॉपची यादी कराल, आणि तीत 'मदरबोर्ड, एक नग' असं लिहून पुढे जाल, ही माझी भीती आहे. मग काय होईल ते आत्ताच सांगतो. त्या परभणीच्या मुलाचा लॅपटॉप उत्तम गुण मिळवेल. खालचं झाकण दहा साध्या स्क्रूंचं, कुठलंही खास हत्यार लागत नाही. बोर्ड पंधरा मिनिटांत बाहेर येतो. उघडायचं पुस्तक कंपनीच्या वेबसाइटवर फुकट आहे. नवा बोर्ड आठवड्यात मिळतो. पाचपैकी साडेचार. आणि मुलाच्या हातात अंदाजपत्रक तेच: ३७,१७०.

नळाचा वायसर गेला म्हणून प्लंबरनं अख्ख्या बिल्डिंगची पाइपलाइन बदलण्याचा भाव सांगावा, आणि सरकारनं त्या नळाला 'दुरुस्तीस सोपा' म्हणून बक्षीस द्यावं, तसं हे होईल.

मदरबोर्ड हा 'भाग' कसा झाला, हेही सांगण्यासारखं आहे. मी शिकलो तेव्हा बोर्ड ही भाग बसवायची जागा होती. प्रोसेसर सॉकेटमध्ये, रॅम खाचेत, बायोसची, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रामची चिपसुद्धा सॉकेटमध्ये. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं उचकटून काढायचो. त्याच्याही आधी, मी शाळेत असताना, घरच्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूनं सर्किट डायग्राम चिकटवलेली होती. मला तेव्हा ती देवाच्या पोथीसारखी वाटायची, कळत काही नव्हतं. आयबीएमनं १९८१ साली पहिला पीसी काढला तेव्हा त्याच्या टेक्निकल रेफरन्स पुस्तकात पूर्ण सर्किट डायग्राम छापल्या होत्या, बायोसचा प्रोग्रामसुद्धा ओळीनं दिला होता. म्हणून काही आयबीएम बुडाली नाही.

मग २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर खराब इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरची लाट आली. डोकं फुगलेले, वरून तपकिरी द्रव गळणारे कॅपॅसिटर. मोठमोठ्या कंपन्यांचे बोर्ड त्यात गेले. इथे आमच्या गल्लीत त्या काळी दिवसाला दोन-दोन बोर्ड यायचे. कॅपॅसिटर उघड्या डोळ्यांनी दिसायचे, त्यांच्यावर माप छापलेलं असायचं, १००० मायक्रोफॅरड, ६.३ व्होल्ट. अर्ध्या तासात काम. चूक कंपन्यांची होती, पण कोणालाही ती बघता येत होती आणि कोणालाही निस्तरता येत होती. माल खराब निघू नये असं माझं म्हणणंच नाही. तो निघणारच. अगदी परवा, २०२४ मध्ये, इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये व्होल्टेजचा घोळ निघाला. कंपनीनं कबूल केलं, सुधारित मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतला प्रोग्राम दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ते प्रोसेसर सॉकेटमध्ये बसतात म्हणून लोकांनी चिप काढून बदलून घेतली. तीच चूक बोर्डावर सोल्डर केलेल्या चिपमध्ये झाली असती तर?

आज पातळ लॅपटॉपमध्ये प्रोसेसर सोल्डर केलेला, बहुतेकदा रॅमही सोल्डर केलेली, कधी वायफाय, कधी स्टोरेज. सगळं 'एक नग' झालं. पातळपणा ग्राहकालाच हवा होता, असं कंपन्या म्हणतात. असेल. मला मात्र आजवर एकही गिऱ्हाईक भेटलेलं नाही जे म्हणालं, दोन मिलिमीटर कमी करा आणि माझे सदतीस हजार घ्या.

हा 'एक नग' किती महाग पडतो हे नुसतं रुपयांत मोजू नका. एक शिक्षिका माझ्याकडे आल्या, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. त्यांचा लॅपटॉप वॉरंटीत असताना बंद पडला, सेंटरनं फुकट नवा बोर्ड घातला. सगळं नियमाप्रमाणे. घरी आणून चालू केला तर निळा पडदा आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. आजकाल विंडोज आपणहून स्टोरेज एन्क्रिप्ट करतं, आणि त्याची किल्ली बोर्डावरच्या टीपीएम नावाच्या सुरक्षेच्या चिपमध्ये ठेवतं. बोर्ड बदलला की किल्ली गेली. ४८ आकड्यांची नक्कल मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. बाईंचं खातं कुठलं? लॅपटॉप घेताना शोरूममधल्या मुलानं 'मॅडम, मी करून देतो' म्हणत स्वतःच कसलासा ईमेल बनवून उघडलेलं. तो मुलगा नोकरी सोडून गेलेला. बावीस वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सहलींचे फोटो, आणि आईच्या आवाजातल्या ओव्या, ज्या त्यांनी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, सगळं डिस्कवर जसंच्या तसं होतं, आणि उघडत नव्हतं.

जुना बोर्ड परत मागा, म्हटलं. तो नुसता दुरुस्त करून लावला असता तर किल्ली त्याच्यातच होती, सगळं उघडलं असतं. सेंटरनं सांगितलं, जुना बोर्ड कंपनीकडे परत जातो, ग्राहकाला देत नाहीत.

इथे मी तुमचं लक्ष एका गमतीकडे वेधतो. तो जुना बोर्ड कंपनीकडे जाऊन त्याचं काय होतं? तुमच्याकडे कुठल्याही लॅपटॉपच्या वॉरंटीच्या अटी असतील, तर काढून बघा. बहुतेकांत लिहिलेलं सापडेल की बदली भाग नवा किंवा रिफर्बिश्ड असू शकतो. रिफर्बिश्ड बोर्ड आभाळातून पडत नाहीत. कुठल्यातरी कारखान्यात कोणीतरी मायक्रोस्कोपखाली बसून तो राजगिऱ्याएवढा कॅपॅसिटर बदलतं, बोर्ड धुतं, तपासतं, पिशवीत भरतं. म्हणजे बोर्ड दुरुस्त होतो, हे कंपनीला मान्य आहे. फक्त तो तुमच्या नावावर दुरुस्त होत नाही. तुमचा बोर्ड दुसऱ्याच्या लॅपटॉपात जातो आणि दुसऱ्याचा तुमच्यात, आणि वॉरंटी संपली असेल तर मधल्या मधे सदतीस हजारांची पावती फाटते.

कंपन्या यावर सुरक्षेचं कारण सांगतील. सर्किट डायग्राम बाहेर दिली तर नकला होतील, अर्धवट शिकलेले लोक बोर्ड जाळतील. पहिल्या मुद्द्यावर हसू येतं. नक्कल करणाऱ्या कारखान्याला डायग्राम कधीच मिळालेली असते. मला कुठून मिळते सांगू? चोरून. चॅट ग्रुपवर पीडीएफ फिरतात, काही पैसे देऊन घ्यायच्या, काही अदलाबदलीत. प्रत्येक पानावर 'गोपनीय' असा शिक्का. साठ-सत्तर पानांचं ते पुस्तक उघडलं की कुठली लाइन कुठून कुठे जाते ते दिसतं, बोर्डव्ह्यू फाइल, म्हणजे बोर्डावर कुठला भाग नेमका कुठे आहे त्याचा नकाशा, असेल तर कॅपॅसिटरवर बोट ठेवता येतं. ती असली की एका तासाचं काम, नसली की दोन दिवस चाचपडायचं, आणि तरी हमी नाही. तीस वर्षं प्रामाणिकपणे धंदा केलेल्या माणसाला रोज सकाळी चोरीचा कागद उघडून काम सुरू करावं लागतं, हे मला आवडत नाही. पण ज्याचा लॅपटॉप असतो त्याचं मत मी विचारलंय, त्याला चालतं.

दुसरा मुद्दा, अर्धवट शिकलेल्यांचा, मात्र खरा आहे. तो मी टाळणार नाही. आमच्यात चोर आहेत. १६ जीबी रॅम काढून ८ घालणारे आहेत. 'ओरिजिनल'चं स्टिकर लावून फुगणारी बॅटरी विकणारे आहेत. शॉर्ट शोधायचा कंटाळा म्हणून लाइनला जास्त करंट देऊन 'जो जळेल तो शॉर्ट' करणारे आहेत, त्यात कधी प्रोसेसरच जळतो. आणि मीही धुतल्या तांदळासारखा नाही. २००८ साली एन्व्हिडियानं कबूल केलं होतं की त्यांच्या लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप आतल्या जोडणीच्या मालामुळे लवकर मरतायत. त्यानंतर दोन-तीन वर्षं असे लॅपटॉप आमच्याकडे रांगेनं आले. चिपला हॉट एअरनं भाजलं की त्या पुन्हा चालू व्हायच्या, पाच-सहा आठवडे. आधी मला वाटायचं मी दुरुस्त करतोय. नंतर कळलं की नाही. कळल्यानंतरही काही महिने मी पैसे घेऊन भाजत होतो, 'किती दिवस चालेल सांगता येत नाही' एवढंच पुटपुटत. त्या गिऱ्हाइकांपैकी एक अजून येतात आणि अजून टोमणा मारतात. मारू देत.

तेव्हा आमचीही परीक्षा घ्या, नोंदणी करा, बिल सक्तीचं करा, बदललेला जुना भाग ग्राहकाला परत द्यायला लावा. कंपन्यांच्या सेंटरलाही तोच नियम लावा. मी पहिला येईन.

काही लोक म्हणतील की ग्राहक आयोग आहेच की. ग्राहक चळवळीचं अप्रूप पुण्याला सांगायला नको. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत याच गावात सुरू केली. २०१९ चा नवा कायदाही चांगला आहे: माणूस राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लागतो. मी स्वतः चार-पाच जणांना तिकडे पाठवलंय आणि दोघांना पैसे मिळाले. पण परभणीच्या मुलानं तक्रार कशाची करायची? वॉरंटी संपलेली. सेवेत कसूर नाही. भाव लपवला नाही, छापून दिला. कोणी जबरदस्ती केली नाही. कायद्याच्या भिंगातून बघितलं तर गुन्हा घडलेलाच नाही. आणि घडला असता तरी त्याला लॅपटॉप सोमवारी हवा होता.

म्हणून मी व्याख्येवर अडून बसलोय. माझं मागणं असं की लॅपटॉपची पाळी येईल तेव्हा मदरबोर्ड एक नग धरू नका. बोर्ड बदलायला किती सोपा याचे गुण देऊ नका, बोर्ड दुरुस्त करता येतो का याचे द्या. सर्किट डायग्राम आणि बोर्डव्ह्यू नोंदणीकृत दुरुस्तीवाल्याला मिळते का? वाटल्यास आमच्याकडून सही घ्या, पैसे घ्या. चार्जिंगची चिप, पॉवरची चिप बाजारात सुटी मिळते का? काही चिप अशा आहेत की बनवणारा त्या एकाच लॅपटॉप कंपनीला विकतो, इतरांना विकायची मनाई. त्या मी मेलेल्या बोर्डावरून काढतो. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात भंगारातले बोर्ड किलोवर घेऊन बसतो आम्ही, खाटकासारखे. याला आमच्यात डोनर बोर्ड म्हणतात. नवी चिप साठ-सत्तर रुपयांना मिळाली असती.

आणि भाव. फ्रान्सनं १ जानेवारी २०२१ पासून असे गुण सुरू केले, दहापैकी, आणि पहिल्याच यादीत लॅपटॉप घेतला. तिथे सुट्या भागाची किंमत वस्तूच्या किमतीच्या मानानं किती, यालाही गुण आहेत. आपल्या जाहीर झालेल्या निकषांत भावाचा उल्लेख मला दिसला नाही. मला वाटतं गुणांच्या आधी भाव हवा. खोक्यावर लॅपटॉपच्या किमतीशेजारी मदरबोर्डची, स्क्रीनची आणि कीबोर्डची किंमत छापा. कीबोर्डची खास करून, कारण आता तो स्क्रूनं बसवत नाहीत. प्लॅस्टिकचे खिळे वितळवून वरच्या कव्हरला चिकटवतात, एका 'एंटर'च्या बटणासाठी अख्खं कव्हर घ्यावं लागतं. परभणीच्या मुलाच्या वडिलांनी दुकानातच वाचलं असतं, ४८,००० चा लॅपटॉप आणि ३७,००० चा बोर्ड, तर त्यांनी पुढचा प्रश्न विक्रेत्याला तिथेच विचारला असता. शेतकरी माणूस आहे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे भाव त्याला तोंडपाठ असतात.

गुण कंपन्या स्वतःच स्वतःला देणार असंही वाचलं. पोरानं स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा. ठीक, सुरुवातीला तसंच असेल, फ्रान्समध्येही तसंच होतं. पण वर्षाला दहा मॉडेलं तरी बाजारातून विकत घ्या, उघडा, एक कॅपॅसिटर मुद्दाम शॉर्ट करा आणि अनोळखी ग्राहक बनून सेंटरला पाठवा. काय अंदाज येतो तो छापा.

हे सगळं आत्ताच का, तर वेळ तशी आली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला आणि धडधाकट मशीन घेऊन लोक दारात उभे राहिले: बाकी सगळं ठीक आहे, पण नवं विंडोज चढत नाही. ज्यांना समजावता आलं त्यांना लिनक्स घालून दिलं. त्याच सुमारास रॅमचे भाव असे चढले की मीच दोनदा फोन करून खात्री केली. एआयच्या डेटा सेंटरना सगळी मेमरी हवी आहे, आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' हा जुना ब्रँडच गुंडाळायचं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. पूर्वी 'नवा घ्या, स्वस्त पडेल' असं सांगायची सोय होती. ती संपत चालली आहे. आहे तेच चालवायचे दिवस आहेत, आणि चालवणारी माणसं, चिप लेव्हलचं काम येणारी, आमच्या गल्लीत तीन उरली आहेत. त्यातल्या एकाला मोतीबिंदू झालाय. माझ्याकडे शिकायला आलेली पोरं वर्षभरात सोडून जातात, कारण डायग्रामशिवाय हे काम शिकवणं म्हणजे नकाशाशिवाय गाव दाखवण्यासारखं आहे. दहा-बारा हजार बोर्ड हातावरून गेल्यावर कळतं. एवढा धीर कोणाला आहे, आणि का असावा?

शिक्षिकाबाईंची डिस्क मी कपाटात ठेवली आहे, कापसात गुंडाळून. त्यांनी तीन ईमेल आठवून सांगितले, एकही लागला नाही. शोरूममधल्या त्या मुलाचा नंबर कोणीतरी देतो म्हणालंय.

तुमच्यापैकी कोणी पुण्याला आलं तर दुकानात जरूर या. सकाळी अकराला उघडतं. येताना कार्यालयातला एखादा बंद पडलेला, बोर्ड गेलाय म्हणून बाजूला टाकलेला लॅपटॉप घेऊन या, सरकारी कपाटात असा एखादा असतोच. सेंटरचं अंदाजपत्रक असेल तर तेही आणा. तुमच्यासमोर उघडतो. अल्कोहोल कुठे आधी उडतं ते मायक्रोस्कोपमधून तुम्ही बघा, मी बाजूला उभा राहीन. दोनशे रुपये मात्र पडतील.

आपला,
नारायण पेठेतला एक दुरुस्तीवाला

ता. क. : पोर्टलवर नोंदणी करायला गेलो होतो. तिथे कंपन्यांची नावं आहेत, त्यांच्या सेंटरचे नंबर आहेत. माझ्यासारख्यानं नाव कुठे घालायचं, ती जागा मला सापडली नाही. असेल तर कळवावं.